पांढऱ्या मांसाचा ताजा मासा : कोणता किती तेलकट आणि कसा शिजवायचा

नालवाडी-वर्ध्याकडे समुद्राचा मासा येतो तो बर्फात. खरोखर ताजा मासा मिळतो तो धाम, बोर, वर्धा या नद्यांचा, धरणांचा आणि तलावांचा. रोहू, कतला, मृगळ, मरळ, शिंगाडा, वाम ही त्यातली नेहमीची नावं. शिजल्यावर या सगळ्यांचं मांस पांढरंच दिसतं, म्हणून बऱ्याच घरांत सगळ्यांना सारखंच तेल आणि सारखाच वेळ दिला जातो. मग मरळ कोरडा पडतो आणि कतल्याच्या सालनावर तेलाचा थर येतो. घरात कुणाला शुगर किंवा हार्टचा त्रास असेल, तर ‘मासा हलका असतो’ म्हणत नको तेवढं तेल पोटात जातं.

कोणात किती तेल?

शंभर ग्रॅम मांसात २ ग्रॅमपेक्षा कमी चरबी असेल तर तो मासा कोरडा, २ ते ४ असेल तर कमी तेलाचा, ४ ते ८ मध्यम आणि ८ च्या वर गेला की तेलकट, असा ढोबळ हिशोब धरतात.

- मृगळ : १ ग्रॅमपेक्षाही कमी. अगदी कोरडा.
- रोहू : दीड ग्रॅमच्या आसपास.
- कतला : अडीच ग्रॅमच्या आसपास. डोकं आणि पोटाची बाजू जास्त चरबीची.
- मरळ : कमी चरबीचा, घट्ट मांसाचा.
- पाळलेला पंगास : मांस पांढरं, पण या सगळ्यांपेक्षा तेलकट.
- तुलनेसाठी हिलसा : १९ ग्रॅमच्या आसपास.

हे आकडे पक्के नसतात. ढेप आणि कोंडा खाऊन वाढलेला तलावातला मासा नदीतल्यापेक्षा चरबीदार निघतो. पावसाळ्यात अंडी टाकून झालेला मासा उतरलेला असतो. एकाच माशात पोटाची तुकडी शेपटीच्या तुकडीपेक्षा तेलकट असते.

घरी तपासायचं असेल तर दोन माशांच्या सारख्या तुकड्या वेगवेगळ्या भांड्यांत नुसत्या मिठाच्या पाण्यात उकळा. पाणी गार झाल्यावर वर तरंगणारे तेलाचे थेंब पाहा, फरक लगेच कळतो.

तेलाचा खरा हिशोब

पाव किलो रोहूत माशाची स्वतःची चरबी साधारण साडेतीन ग्रॅम. आपण कढईत दोन मोठे चमचे तेल टाकलं की झाले २७-२८ ग्रॅम, म्हणजे माशाच्या आठपट! तेव्हा पथ्य माशाचं कमी आणि तेलाचं जास्त सांभाळायचं. कोरडा मासा तळण्यापेक्षा सालनात किंवा झाकण ठेवून वाफेवर करावा. पंगास किंवा कतल्याचं पोट असेल तर तव्याला नुसता तेलाचा हात पुरे, बाकी तेल मासाच सोडतो.

शिजवताना

नुकताच पकडलेला मासा लगेच तव्यावर टाकला तर तुकडी आखडते, वाकडी होते. साफ करून बर्फात ठेवावा आणि मांस सैल पडलं की मगच शिजवावा.

तलावाच्या माशाला कधी मातीचा वास येतो. तो पाण्यातल्या शेवाळासारख्या जिवांमुळे येतो. मीठ-हळद आणि लिंबू, चिंच किंवा दही लावून १५-२० मिनिटं ठेवावं. आंबटानं तो वास कमी होतो.

सालन आधी पूर्ण शिजवून घ्यावं, मासा शेवटी सोडावा. मांस काचेसारखं दिसायचं थांबून दुधाळ पांढरं झालं आणि काट्यावरून सहज सुटलं की गॅस बंद. कोरड्या माशाला त्यापुढची दोन-चार मिनिटंही जास्त होतात. चमच्यानं ढवळू नये, भांडं धरून हलवावं.

रोहू, कतला, मृगळ यांच्या मांसात बारीक दुफाट्याचे काटे असतात. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना मरळ किंवा शिंगाडा बरा.

हलालच्या बाजूनं

माशाला जबह लागत नाही. पाण्यातली शिकार हलाल असल्याचं सूरह माइदाच्या ९६ व्या आयतीत आलं आहे. हनफी मसलकात पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा खाल्ला जातो. त्याला खवले असावेत अशी अट नाही, त्यामुळे शिंगाडा चालतो. झिंग्याबद्दल हनफी उलमांत मतभेद आहेत, तर कोकणातल्या शाफई घरांत तो चालतो. जाफरी शिया फिकहमध्ये मात्र खवल्यांची अट आहे.

आपोआप मरून पाण्यावर उलटा तरंगणारा मासा हनफी मसलकात खात नाहीत. उन्हाळ्यात तलाव आटल्यावर असे मासे दिसतात आणि स्वस्तही मिळतात. मासा कधी आणि कशानं मेला हे माहीत नसतं, म्हणून तब्येतीच्या दृष्टीनंही ते घेऊ नयेत. मसल्याबद्दल शंका असेल तर आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारावं.

घेताना पाहा

डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोटानं दाबलेलं मांस लगेच वर येणारं. मरळ शक्यतो जिवंतच घ्यावा. हवेतून श्वास घेणारा मासा असल्यानं तो पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो. मासेवाल्याला मासा कुठल्या पाण्यातला, नदीचा की तलावाचा, एवढं जरूर विचारा. तेल किती टाकायचं ते त्यावरूनच ठरतं.