चाकाच्या आकाराची मूठ

छोट्या खासगी विमानाची चाकं मिटणारी असतील, तर त्यांच्या दांडीच्या टोकाला बहुधा टायरसारखी गोल मूठ असते. फ्लॅपची, म्हणजे पंखांमागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्यांची, मूठ मात्र चपटी, पंखाच्या कडेसारखी. पाहणाऱ्याला ही हौसेची सजावट वाटेल. पण नीट टेकलेली कितीतरी विमानं वैमानिकांच्याच हातून पोटावर बसली, तेव्हा कुठे हे आकार ठरले.

चाकं पोटात घ्यायची ओढ वेगापायी लागली. १९२० च्या गॉर्डन बेनेट शर्यतीसाठी बांधलेल्या डेटन-राइट आरबी-१ मध्ये ती मिटत. १९३४ मध्ये बीचक्राफ्टच्या ‘स्टॅगरविंग’लाही तशी चाकं आली आणि ही सोय पैसेवाल्या खासगी मालकांपर्यंत पोचली. तिच्यासोबत विसराळूपणाचा अपघातही आला: चाकं न काढताच उतरायचं. त्यावर भोंगे आले, दिवे आले.

दुसरा अपघात अधिक चमत्कारिक होता. विमान टेकलंय, धावतंय. आता फ्लॅप वर घेतले, की पंखांची उचल कमी होते, वजन चाकांवर येतं आणि ब्रेक चांगला धरतो. म्हणून हात फ्लॅपच्या खटक्याकडे जातो आणि पडतो चाकांच्या खटक्यावर. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमानांचं असं वारंवार होत होतं. शिक्का ठरलेला: वैमानिकाची चूक. राइट फील्डच्या प्रयोगशाळेतला तरुण मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चापानिस यानं १९४३ च्या सुमारास कॉकपिटच पाहिलं. दोन्ही खटके सारखे आणि शेजारीशेजारी! सी-४७ मध्ये ते वेगळ्या तऱ्हेचे होते, तिथं हा घोटाळा होत नव्हता. त्यानं एका दांडीला छोटं रबरी चाक लावलं, दुसरीला पाचर. थकलेल्या माणसाला आता न बघताही हाताला कळायचं. १९४७ मध्ये फिट्स आणि जोन्स या संशोधकांनी वैमानिकांच्या ४६० चुका तपासल्या. जवळपास निम्म्या एका खटक्याऐवजी दुसरा ओढल्याच्या होत्या.

इतकं उघड झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही, आणि मला या कहाणीतला हाच भाग सर्वांत जास्त खुपतो. बीचक्राफ्टचं ‘बोनान्झा’ १९४५ च्या डिसेंबरात प्रथम उडालं, पुढं फार लोकप्रिय झालं. त्यात चाकांचा खटका उजवीकडे आणि फ्लॅपचा डावीकडे होता, इतर बहुतेक विमानांच्या नेमका उलट. भरीला सुकाणूचा आडवा दांडा हे खटके नजरेआड करणारा. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं १९८० मध्ये अहवाल काढला. मिटणाऱ्या चाकांच्या एक-इंजिनी छोट्या विमानांत बोनान्झा सुमारे ३० टक्के. पण १९७५ ते १९७८ मधल्या चाकं चुकून मिटल्याच्या २४ अपघातांपैकी १६ त्यांचे. अहवालाच्या शीर्षकातच दोष रचनेचा म्हटला होता. चापानिसनंतर साडेतीन दशकांनी!

चाकांच्या खांबावर सुरक्षा-स्विच असतो, मग ती मिटतातच कशी? विमान जोरात धावत असताना पंख अजून थोडं वजन उचलून धरतात, खांब पुरता दबत नाही आणि स्विचला वाटतं विमान हवेतच आहे. म्हणून शिक्षक बजावतात, धावपट्टी सोडून थांबेपर्यंत फ्लॅपला हात लावू नका.

पायपरनं १९६७ च्या ‘अ‍ॅरो’त वेग आणि इंजिनाचा जोर घटताच चाकं आपोआप उतरवणारी यंत्रणा दिली. पण तीही फक्त विसराळूपणाला उत्तर होती. टेकल्यावर चुकलेल्या हाताला नव्हे. बोनान्झाचे खटके १९८० च्या दशकात रूढ जागी आले. आज ‘सिरस एसआर२२’सारखी विमानं चाकं कायम बाहेर ठेवूनही भरपूर वेगानं उडतात, त्यांच्या कॉकपिटमध्ये ती गोल मूठ बसवायची गरजच उरलेली नाही.