खाजण

खाजण : भरतीच्या पातळीपेक्षा सखल असलेली आणि बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची जमीन. गोव्यात हिला ‘खाजन’ म्हणतात. मांडवी व झुवारी नद्यांच्या आणि त्यांच्या उपखाड्यांच्या काठी, तिसवाडी, बार्देश, सासष्टी व फोंडा तालुक्यांत, तसेच चोडण व दिवाडी बेटांवर खाजणे आहेत. त्यांचे एकूण क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर मानले जाते. एकाच जमिनीत भात, मासळी आणि काही ठिकाणी मीठ पिकते. गावात शिरू पाहणारे उधाणाचे व पावसाचे पाणीही हीच जमीन सांभाळते. पूर आणि किनाऱ्याची धूप रोखण्याच्या ज्या पद्धतींना आज ‘निसर्गाधारित उपाय’ म्हटले जाते, त्यांचे पश्चिम किनाऱ्यावरील हे एक जुने व परिपूर्ण उदाहरण होय.

बांदोडे येथे सापडलेल्या मौर्य राजा अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. हा ताम्रपट सहाव्या शतकाच्या आसपासचा आहे. म्हणजे समुद्राचे पाणी अडवून जमीन लागवडीखाली आणण्याची विद्या पोर्तुगीज येण्यापूर्वी निदान नऊशे वर्षे येथे रुजलेली होती.

रचना : बाहेरचा बांध खाडीतल्याच चिकण चिखलाचा असतो. त्यात पेंढा घालून तो घट्ट करतात आणि पाण्याकडच्या अंगाला जांभ्याचे दगड रचतात. बांधाच्या बाहेर कांदळवनाचा पट्टा राखलेला असतो. तिवरांची श्वसनमुळे आणि कांदळाची आधारमुळे लाटेचा जोर मोडतात व गाळ धरतात, त्यामुळे बांधाच्या पायथ्याशी माती उलट साठत जाते. नुसता बांध लाटेच्या माऱ्याने झिजतो आणि नुसते कांदळवन भरती अडवू शकत नाही, म्हणून ही दोन्ही कामे एकमेकांच्या आधाराने चालतात.

खाजणाचा जीव असतो ‘मानस’, म्हणजे बांधातले लाकडी दार. खाडीतले पाणी वर चढले की त्याच्याच दाबाने मानशीची झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतो, झडप उघडते आणि शेतातले पावसाचे पाणी खाडीत जाते. याला माणसाचा हात लागत नाही, इंधन लागत नाही. मानशीच्या आतल्या बाजूला ‘पोंय’ नावाचा खोलगट तलाव असतो. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, तर मानस मिटलेली असताना डोंगरावरून उतरणारे पाणी प्रथम पोंयीत आणि मग शेतात पसरते. पाच-सहा तासांनी ओहोटी आली की ते निघून जाते. मधल्या वेळेत ते वाडीत शिरत नाही. खाजणात भराव टाकून घरे किंवा रस्ते उभे करणे म्हणजे हे साठवणीचे भांडे उपडे करणे होय. पाणी नाहीसे होत नाही, ते शेजारच्या वस्तीत जाते.

पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस जमिनीतले मीठ धुऊन नेतो आणि मग कोरगुटसारखी क्षार सोसणारी भाताची वाणे पेरली जातात. कापणीनंतर मानशीतून खारे पाणी मोजून आत घेतात. त्याबरोबर सुंगटे (कोळंबी), शेवटे, काळुंद्रे, चणाक ही मासळी आणि कुर्ल्या (खेकडे) येतात. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. या मासळीच्या पैशातून बांधाची डागडुजी होत असे, म्हणून राखणीचा खर्च बाहेरून आणावा लागत नव्हता.

व्यवस्थापन : ही सारी व्यवस्था गांवकारीच्या, म्हणजे गावाच्या सामूहिक संस्थेच्या, हाती होती. पोर्तुगीज अधिकारी अफोन्सु मेशिया याच्या १५२६ च्या फोरालात (सनदेत) गांवकारीचे रिवाज लेखनिविष्ट झाले. पुढे कोमुनिदाद म्हणवल्या गेलेल्या या संस्थांचे नियम १९६१ च्या संहितेत आले. पावसाळ्यापूर्वी बांध चढवणे, कुर्ल्यांची बिळे बुजवणे, मानशीच्या फळ्या बदलणे ही कामे ठरलेल्या माणसांनी ठरल्या वेळी करायची असत. पोर्तुगीज राजवटीतून गोवा मुक्त झाल्यावर १९६४ चा कूळ कायदा आला आणि त्याच्या १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ जमिनीचा मालक झाला. कसणाऱ्याला न्याय मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण बांध ही कोणा एकाची मालमत्ता नव्हती. तो सांभाळण्याचे काम कूळ संघटनांकडे गेले आणि अनेक गावांत त्या नावापुरत्याच राहिल्या. त्यातच खनिजवाहू बार्जांच्या लाटांनी बांध ढासळले. मासळीचा भाव भातापेक्षा वाढल्यावर काही ठिकाणी खारे पाणी बारमाही आत ठेवले गेले. पडीक खाजणात कांदळवन उगवले की वनसंरक्षणाच्या नियमांमुळे तेथे पुन्हा शेती करणे अवघड होते. झाडे वाढली म्हणून किनारा सुरक्षित झाला, असा हिशेब येथे चुकतो. कांदळवनाची जागा बांधाबाहेर आहे. ते शेतात शिरले, तर त्याचा अर्थ बांध पडला असा असतो.

महाराष्ट्रात रायगडच्या खारेपाटात हीच पद्धत ‘उघाडी’ या दाराच्या आधारे चालत आली. जुन्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात शिलोत्री बांधांच्या रूपाने ती गावाच्या जबाबदारीची होती. १९७९ च्या खारभूमी विकास अधिनियमानंतर योजनांचे बांध शासनाकडे आले. तेथेही बांधाला खांड पडून पिकती शेते तिवरांखाली गेल्याचे दुःख शेतकरी सांगतात.

सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांना खास स्थान मिळाले. त्यांची नोंद करावी, त्यांच्यासाठी व्यवस्थापन आराखडा करावा आणि तेथे विकासकामे होऊ देऊ नयेत, असे त्यात म्हटले आहे. समुद्राची पातळी वाढत असताना या तरतुदीचे मोल वाढते. खाडीतली ओहोटी पूर्वीइतकी खाली गेली नाही, तर मानस कमी वेळ उघडी राहते आणि आतले पाणी तुंबते. अशा वेळी बांध उंच करण्याइतकेच पोंय उपसणे आणि बांधाबाहेरचा तिवरांचा पट्टा रुंद ठेवणे गरजेचे ठरते. काँक्रीटच्या भिंतीवर होणाऱ्या खर्चाचा लहानसा भागही मानस सांभाळणाऱ्या माणसाच्या नियमित वेतनाकडे वळवला, तर गावांचे अधिक रक्षण होईल. मानशीची कुजलेली एक फळी वेळेवर बदलली नाही, तर एका उधाणात शेत खारे होते आणि ते मीठ धुऊन निघायला त्यानंतर कित्येक पावसाळे जावे लागतात.