सेवासंस्था आणि धर्मोपदेशक

ज्याला इंग्रजीत ‘चॅपलेन’ म्हणतात त्याला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘पाद्री’ म्हटले तर अर्थ फार रुंदावतो आणि ‘पुरोहित’ म्हटले तर तो भलतीकडेच जातो. पलटण, तुरुंग, रुग्णालय, अनाथालय अशा एखाद्या संस्थेशी जोडलेला धर्मोपदेशक, असा त्याचा अर्थ. शब्दाची कुळकथा मात्र बोधक आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाच्या रोमन शिपायाने थंडीने कुडकुडणाऱ्या एका भिकाऱ्याला आपला झगा मधोमध कापून अर्धा दिला, अशी आख्यायिका आहे. पुढे मार्टिन संतपदाला पोचले. त्यांचा म्हणून जपलेला तो झगा, म्हणजे ‘कापा’, फ्रँक राजे लढाईवर जाताना बरोबर नेऊ लागले. आणि तो सांभाळणारा धर्मगुरू ‘कापेलानुस’ ठरला. भिकाऱ्यासाठी कापलेले वस्त्र असे राजाच्या लवाजम्यात गेले. चॅपलेनने चाकरी कोणाची करावयाची, पगार देणाऱ्या धन्याची की थंडीत उभ्या असलेल्या माणसाची, हा प्रश्न तेव्हापासून या पदाला चिकटलेला आहे.

या प्रश्नाचे पहिले रूप पाहावयास बंगळूरकरांना दूर जावे लागत नाही. श्रीरंगपट्टणच्या हिवतापाला कंटाळून इंग्रजी फौज १८०९ च्या सुमारास येथे आली आणि छावणी वसली. सेंट मार्क चर्चची पायाभरणी १८०८ मध्ये झाली व १८१२ मध्ये ते पुरे झाले. अशा छावण्यांतला चॅपलेन हा कंपनीचा नोकर असे. बदलीच्या हुकुमावर ज्यांचे आयुष्य चालते त्या आम्हां मंडळींना हा गृहस्थ चटकन ओळखू येईल: ठरलेला पगार, ठरलेली रजा आणि वरिष्ठांकडे धाडावयाचे कागद. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदपुस्तके तो ठेवी व त्यांच्या नकला लंडनला रवाना होत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, १८१३ पर्यंत मिशनऱ्यांना आपल्या मुलखात मोकळीक देण्यास कंपनी नाखूष होती. चॅपलेनला मात्र ती स्वतः पोशीत होती. कारण तो परक्यांना आपल्या धर्मात आणण्यासाठी नव्हे, तर स्वकीयांचे जन्ममरण सांभाळण्यासाठी होता. स्वातंत्र्याबरोबर हे सरकारी धर्मखाते संपुष्टात आले. पद उरले ते सेवासंस्थांत.

तेथे प्रश्न अधिक बिकट होतो. गुड शेफर्ड संघाच्या भगिनींनी १८८६ मध्ये याच शहरात सेंट मार्था रुग्णालय सुरू केले. पलटणीतला शिपाई आणि त्याचा चॅपलेन बहुधा एकाच धर्माचे असत. रुग्णालयाच्या खाटेवर मात्र कोणत्याही धर्माचा माणूस येतो, आणि तो लाचार होऊन येतो. गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो. खरे पाहता त्याला अक्कल असते, नकार देण्याची सोय नसते. औषध देणाऱ्या हातानेच पोथी पुढे केली तर ती नाकारावयाची कोणी? उलट, मरणाच्या दारात असलेल्या माणसाला औषधापलीकडचे काहीच द्यावयाचे नाही, हाही कोरडेपणाच नव्हे काय?

या दुहेरी पेचातून वाट काढण्याचा एक मोठा प्रयत्न मराठी माणसाने केला आहे, आणि तो माणूस जन्माने आजच्या कर्नाटकातला, जमखंडीचा. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करून परतले आणि मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत परळ येथे ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापन केले. शिक्षणप्रसार, नोकऱ्या मिळवून देणे आणि सामाजिक अडचणींचे निवारण हे मिशनचे पहिले तीन उद्देश. चौथा उद्देश सार्वत्रिक धर्म, व्यक्तिगत शील आणि नागरिकता यांची तत्त्वे बिंबविण्याचा. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. भाकरी आणि अक्षर आधी. धर्म शेवटी, आणि तोही सार्वत्रिक. पुढे १९१० मध्ये त्यांनी प्रार्थनासमाजाचे प्रचारकपद सोडले, पण मिशन सोडले नाही. राजाच्या लवाजम्यातला झगा पुन्हा भिकाऱ्याकडे वळला तो असा.

तरीही ही कथा गोड शेवटाची नाही. १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व उदयास आले, आणि आमच्या वतीने दुसऱ्यांनी का बोलावे, हा सवाल अस्पृश्य समाजातूनच उभा राहिला. १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून दूर झाले. ज्यांची सेवा केली त्यांनीच दुरावा धरावा, याचे शल्य त्यांना होते. पण तो सवालही न्याय्यच होता. ज्याला उभे केले तो आपल्या पायांनी चालू लागला की आधार देणाऱ्याचा हात सुटतोच. सेवेच्या यशाची हीच खूण, आणि सेवकाची हीच सर्वांत कठीण कसोटी.

पश्चिमेतही चॅपलेनच्या पदाला असेच वळण लागले. अमेरिकेत अँटन बॉइसन यांनी १९२५ मध्ये वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये ठेवून शिकविण्यास आरंभ केला. ते स्वतः मनोविकारातून गेले होते. ग्रंथ वाचावा तसा दुःखी माणूस वाचावा, अशी त्यांची भूमिका. १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस उघडणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी देह, मन, कुटुंब आणि अध्यात्म या चारही अंगांनी मरणासन्नाच्या वेदनेचा विचार मांडला. तो विचार बंगळूरलाही पोचला. ‘बंगलोर हॉस्पिस ट्रस्ट’ १९९४ मध्ये स्थापन झाला आणि १९९९ पासून त्याच्या ‘करुणाश्रय’ या वास्तूत असाध्य कर्करोगाच्या रुग्णांना विनामूल्य ठेवून घेतले जाते. ते नाव मराठी कानाला उलगडून सांगावे लागत नाही.

अशा ठिकाणी उशाशी बसणारा माणूस झगा घालतो की साधा सदरा, हा मुद्दा आमच्या लेखी गौण आहे. डॉक्टर उपचार देतो, व्यवस्थापक खाट देतो, दाता पैसा देतो. त्यांच्यापाशी देण्यासारखे काही असते, म्हणून रोगी त्यांच्याशी थोडा दबूनच बोलतो. उशाशी बसणाऱ्याच्या हाती देण्याचे वा काढून घेण्याचे काहीच नसावे, आणि ‘आज नको’ असे त्याला निर्धास्तपणे सांगता यावे. अधिकारपदावर आयुष्य काढलेल्या आम्हां मंडळींना ही अधिकारशून्यता समजावयास अवघडच. निवृत्तीनंतर एखाद्या सेवासंस्थेत वेळ द्यावा, अशी इच्छा आमच्यापैकी पुष्कळांना असते. हुद्दा दाराबाहेर ठेवून आत जाणे जमले, तरच तेथे आमचा उपयोग.