घरातील सुई आणि जुनी वस्त्रे

आपल्या जुन्या पोशाखाचा इतिहास सांगताना पैठणचे विणकर, येवल्याच्या पेठा आणि साताऱ्याच्या गादीकडून पेशव्यांना मिळणारी मानाची वस्त्रे यांचा उल्लेख आवर्जून होतो. परंतु वस्त्र घरी आल्यावर ज्या हातांनी ते बेतले, उसवले, पुन्हा जोडले आणि दोन-तीन पिढ्यांच्या अंगी बसविले, त्या हातांच्या विद्येला या इतिहासात फारशी जागा मिळालेली नाही.

सरदारांच्या जामदारखान्यासाठी शिंपी राबत असत. सामान्य गृहस्थाच्या घरी मात्र बरेचसे शिवण स्त्रियाच करीत, आणि कापड महाग असल्यामुळे कात्री चालविण्यापूर्वी पुष्कळ विचार होत असे. बाराबंदीला गुंड्या नव्हत्या, बंद होते. चोळीची गाठ पुढे बांधली जाई. त्यामुळे देह स्थूल झाला वा कृश झाला, तरी तेच वस्त्र अंगाला येई. चोळीचा खण मुळातच अरुंद आणि दोन्ही बाजूंस काठ असलेला विणला जाई, आणि त्यातून बाह्या व पाखे अशा हिशेबाने निघत, की काठ बाहीवर शोभावा आणि चिंधीसुद्धा वाया जाऊ नये. शिलाईच्या आत माया राखलेली असे, ती याचसाठी, की पुढे कोणीतरी हे उसवणार आहे, हे शिवणारणीला ठाऊक होते.

नऊवारी पैठणी जीर्ण होऊ लागली, म्हणजे तिचा धड भाग निवडून नातीला परकर-पोलके होई, उरलेल्यातून तान्ह्या बाळाची कुंची निघे, आणि साध्या लुगड्यांच्या नशिबी अखेर गोधडी असे. ज्या घरात हे झाले नाही, तेथील कित्येक भरजरी वस्त्रे जरीतील चांदीच्या लोभाने जाळली गेली. म्हणजे घरच्या सुईने वस्त्राचे रूप पालटले खरे, परंतु त्याचा अंशही तिनेच वाचविला.

सिंगरने 1851 साली अमेरिकेत पेटंट घेतलेले शिवणयंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या शहरांतून दिसू लागले. 1909 साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनाने शिवणकामाचे शिक्षण देऊन या गृहविद्येला स्वावलंबनाची प्रतिष्ठा दिली. परंतु यंत्राच्या टिपेबरोबर बारीक, घट्ट शिलाई आली, आणि उसवण्याची सोय मागे पडली.

आज ऐतिहासिक नाटकासाठी, मंगळागौरीसाठी वा हौसेखातर जुनी वस्त्रे घरोघरी पुन्हा बाहेर निघतात, तेव्हा पूर्वीच्या शिवणारणींचा विवेकही त्यांच्याबरोबर बाहेर यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अस्सल पैठणी कापून तयार नऊवारी शिवू नये. ती हौस नव्या कापडावर भागवावी. विरलेल्या भागाखाली मऊ मलमलीचे अस्तर लावावे. जरीवर यंत्राची सुई न चालविता हाताने विरळ धावदोरा घालावा. आणि दोरा वस्त्राहून नाजूक घ्यावा, म्हणजे ताण आल्यास दोरा तुटेल, रेशीम फाटणार नाही. जो फेरफार उद्या उसवता येईल, तेवढाच आज करावा. कारण आजीचे वस्त्र आपल्या हाती आले असले, तरी त्यावर पुढच्या पिढीचाही हक्क आहे.