हॉटेलातले ताट आपोआप मिळालेले नाही

गेल्या २५ डिसेंबरला आम्ही सहकुटुंब देहूरोडला गेलो होतो. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी तिथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. लातूरकडून आजीही आली होती. परतताना पुणे स्टेशनजवळच्या एका हॉटेलात जेवायला बसलो. मटण हंडी, दाल तडका, तंदुरी रोटी, मुलांना गुलाबजाम. आजीने रस्सा चाखून "तिखट कमी हाय" असा शेराही मारला. सगळे पोटभर जेवले.

जेवण झाल्यावर आजी आपले ताट आणि पेला उचलून उभी राहिली. वेटरला म्हणाली, "मोरी कुठं हाय, बाळा?"

वेटर गोंधळला. पोरे हसली. आजी मात्र शांतपणे म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात कामावर जाताना चहा पिलो, तर आमचा कप येगळा. आपणच इसळून पालथा ठेवायचा." मग कोणी हसले नाही.

मित्रांनो, एक युक्तिवाद आपण वारंवार ऐकतो. शहरे वाढली, रेल्वे आली, हॉटेले आली आणि जात आपोआप विरघळली, असे म्हणतात. इतिहास याची साक्ष देत नाही.

पुण्याचेच उदाहरण घ्या. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे आणि टिळकही होते. तिथे चहा-बिस्किटे दिली गेली. हजर असणाऱ्यांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापून आली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अखेर रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. हे काही खेडे नव्हते. इंग्रजी शिकलेल्या, सुधारणेची भाषा बोलणाऱ्या पुण्यात हे घडले. पण फरक लक्षात घ्या. त्यांना प्रायश्चित्त घेऊन पंक्तीत परत बसता येत होते. आपल्या पूर्वजांसाठी असे कोणतेही प्रायश्चित्त नव्हते, कारण त्यांचा गुन्हा एकच होता, जन्म.

रेल्वेचे काय झाले? १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून निघाला. खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल असलेल्या वडिलांकडे जायचे होते. नवे कपडे, पहिलाच रेल्वेप्रवास, सोबत जेवणाचा डबा. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवाला न्यायला तयार होईना. दुप्पट भाडे द्यायचे ठरले, तेव्हा एक जण कबूल झाला. तोही स्वतः पायी चालणार आणि गाडी मुलांनी हाकायची, या अटीवर. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. डबा भरलेला होता, पण पाण्याविना घास घशाखाली उतरणार कसा? मुले उपाशी झोपली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहिला आहे. आगगाडीने त्यांना मसूरपर्यंत नेले, पण घोटभर पाणी दिले नाही.

मग बदल घडला कशाने? कोणीतरी ठरवून घडवला म्हणून. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. छत्रपती शाहू महाराज स्वतः तिथे चहा पीत आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजत. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले. पुढे तीच ओंजळ संविधानात आली. कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. आज काही जणांना हे शब्द किरकोळ वाटतील. मसूरची रात्र काढलेल्या माणसाला ते किरकोळ वाटले नाहीत. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने तर हॉटेलातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता आजीच्या आठवणीकडे परत या. ती १९७२ ची आहे. संविधान लागू होऊन बावीस वर्षे झाली होती, कायदा होऊन सतरा. तरीही तिचा कप वेगळाच होता. म्हणजे शहराने जात आपोआप जात नाही, तशी ती केवळ कायद्यानेही जात नाही. कायदा हाती घेऊन उभा राहणारा माणूस लागतो. वेगळा कप नाकारणारी, तक्रार करणारी, गावाशी वैर पत्करणारी माणसे होती, म्हणून आज आमची पोरे मेनूकार्ड हातात घेऊन निवांत भांडतात.

त्यांनी निवांत भांडावे, हवे ते मागवावे. त्यासाठीच तर ही लढाई होती. हॉटेलात खाणे म्हणजे चैन, चळवळीशी त्याचा काय संबंध, असे म्हणणाऱ्या आपल्याच कार्यकर्त्यांना आम्हाला हे सांगायचे आहे. कुटुंबासह प्रवासात ताठ मानेने जेवणे हा आपल्या लढ्याचाच भाग आहे. मात्र ते ताट कुठून आले, हे पोरांना माहीत असले पाहिजे.

म्हणून एक काम करा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, तुमचा कप कुठे ठेवलेला असायचा? गाव, वर्ष, जे आठवेल ते लिहून ठेवा. ही पिढी गेली की उद्या कोणीही म्हणेल, असे कधी घडलेच नव्हते.

त्या दिवशी वेटरने आजीच्या हातातून ताट घेतले आणि म्हणाला, "राहू द्या, आजी." आजी परत खुर्चीवर बसली आणि तिने चहा मागवला.

जय भीम!