शिरेची झडप आणि तिचा शोध

आपल्या बीड जिल्ह्यातील हजारो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. दिवसभर उभ्याने तोड आणि डोक्यावर मोळी, हा त्यांचा क्रम. दुकानदार, शिक्षक, आचारी ह्यांचाही दिवस उभ्यानेच सरतो. फार वेळ उभे राहणे, बाळंतपणे आणि आनुवंशिकता ही पायाच्या शिरा फुगण्याची ठळक कारणे होत. विकार पुरातन आहे. तो ओळखण्याचे शास्त्र मात्र सावकाश घडले.

सुश्रुतसंहितेत अशक्त माणसाच्या अतिश्रमाने शिरांच्या जाळ्यात उठणाऱ्या वाटोळ्या गाठीचे वर्णन आहे. ते नेमके ह्याच विकाराचे असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण श्रम आणि शिर ह्यांची सांगड तेथे घातलेली आहे. रोमन सेनापती मारियसने बांधून न घेता एका पायावर शस्त्रक्रिया करवून घेतली आणि दुसरा पाय पुढे करण्यास नकार दिला, असे प्लुटार्क सांगतो. बरे होण्याच्या मानाने वेदना फार, हे त्याचे कारण!

रोगाचे मूळ उमगण्याची वाट सतराव्या शतकात खुली झाली. १६०३ साली पादुआच्या फाब्रिसियसने शिरांतील झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचा शिष्य हार्वे ह्याने १६२८ साली दाखविले की, ह्या झडपा रक्ताला हृदयाकडे जाऊ देतात, माघारी येऊ देत नाहीत. विहिरीवरील पंपाचा फूटव्हॉल्व्ह निकामी झाला की चढलेले पाणी खाली उतरते. पायातील झडप निकामी झाली की रक्ताचेही तेच होते. ते साचते आणि शीर फुगते.

१९९४ साली तज्ज्ञांनी ह्या विकाराच्या पायऱ्या ठरविल्या. एक मिलिमीटरहून बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल-निळ्या रेषा. एक ते तीन मिलिमीटरच्या निळसर शिरा. आणि उभे राहिल्यावर तीन मिलिमीटर किंवा अधिक जाड दिसणाऱ्या, वेड्यावाकड्या शिरा. ह्यांपुढे सूज, मग घोट्याजवळ काळवंडलेली कातडी आणि शेवटी न भरणारी जखम.

म्हणून पाय पहावयाचा तो संध्याकाळी, उभ्याने. पोटरी जड होणे, घोट्यावर सूज येणे, ही सूचना समजावी. एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आत रक्ताची गुठळी असू शकते. अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथे जखम घेऊन जाण्यापेक्षा नुसती फुगलेली शीर घेऊन जाणे केव्हाही शहाणपणाचे.