अर्थशास्त्राचा अध्यापक

आपल्या कॉलेजांत अर्थशास्त्र शिरलें तें परीक्षेचा एक विषय म्हणून. मिल व मार्शल यांचे सिद्धांत विद्यार्थी तोंडपाठ करीत. पण बोरघाटाखालच्या मोहोपाड्यांत एक खंडी भात पिकविण्यास शेतकऱ्याला खर्च किती येतो, असें विचारल्यास त्यांच्यापाशीं उत्तर नसे. तें शोधणें हेंच अध्यापकाचें काम, असें मानणाऱ्यांत प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें.

१९०१ सालीं जन्मलेल्या गाडगिळांनीं केंब्रिज येथें अभ्यास केला. हिंदुस्थानच्या औद्योगिक विकासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें सुरतेस कॉलेजचें प्रिन्सिपॉलपदही त्यांस लाभलें. चाकोरींतील प्रतिष्ठेचा मार्ग मोकळा होता. परंतु साताऱ्याचे रावबहादुर आर. आर. काळे यांच्या देणगीनें १९३० सालीं पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तेव्हां तिचें संचालकत्व त्यांनीं पत्करलें आणि १९६६ पर्यंत सांभाळलें.

ह्या संस्थेनें आपली प्रयोगशाळा बाजारांत व शेतांत थाटली. पुण्यांतील फळांच्या व्यापारावरील पुस्तक १९३३ सालीं निघालें, वाई तालुक्यांतील शेतीचा हिशोब १९४० सालीं, आणि पुणें शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी १९४५ सालीं. कुटुंबांत माणसें किती, मिळकत किती, हें घरोघर विचारून टिपावयाचें. काम कंटाळवाणें खरें. पण सरकारी आंकडा पारखून पाहावयास दुसरी कसोटी ती कोणती?

जें शिकविलें तें करूनही दाखवावें लागलें. प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील यांनीं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच. गरिबांचें भागभांडवल बुडालें असतें, तर सहकाराबरोबर पंडिताचा शब्दही बुडाला असता. तो तरला.

१९६७ सालीं ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. १९६९ सालीं त्यांच्या नांवानें ओळखलें जाणारें सूत्र आलें. केंद्राच्या साहाय्यांतील शंभरांपैकीं साठ हिस्से लोकसंख्येवर वांटावे, असें त्यांत ठरलें. मर्जीच्या जागीं नियम आला. १९७१ च्या मे महिन्यांत गाडगीळ निवर्तले.

अध्यापकाची थोरवी पदव्यांवरून मोजण्याची आपली रीत आहे. त्यानें किती उंबरे झिजविले, हेंही एकदां मोजून पाहावें.